महादेवरावांच्या मरणाची खबर

"दादा गेला," वामनराव मोठ्यानं म्हणाले आणि दचकून सायकलवरून खाली उतरले.

कुणी ऐकलं तर नाही ना, म्हणून त्यांनी मागं पाहिलं, पुढं पाहिलं. बार्शीटाकळीकडून आलेली मुरमाची सडक टेकाडावरून घसरत ओढ्यात उतरली होती आणि समोरचा चढ चढून पुन्हा तुरीच्या वावरांत शिरली होती. दोन्ही अंगांना वेचणीला आलेला कापूस. माणूस नाही, बैलबंडी नाही, चिटपाखरूसुद्धा नाही. चिटपाखरू नव्हतं हे एक बरंच होतं, कारण आज सकाळपासून वामनरावांनी पाखरांची धास्ती घेतली होती.

खरं म्हणजे दादा कुठंही गेले नव्हते. वामनरावांचे थोरले भाऊ महादेवराव या घटकेला बार्शीटाकळीजवळच्या आपल्या मळ्यात, ओट्यावर घोंगडी पांघरून बसले होते. अंगानं धिप्पाड, आवाज असा की विहिरीवरून हाक मारली तर पलीकडच्या वावरातला बैल मान वर करायचा. पण आज सकाळी ते विहिरीवर तोंड धूत असताना एक कावळा सरळ खाली आला आणि त्यांच्या उघड्या डोक्यावर पंजे मारून उडून गेला. त्यांच्या बायकोनं, पार्बताबाईंनी, ते डोळ्यांनी पाहिलं आणि हातातली घागर तिथंच खाली ठेवली. कावळा डोक्याला शिवला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, हे आपल्याकडं कुणी कुणाला शिकवावं लागत नाही. असलं काही मानत नाही म्हणणारासुद्धा गुपचूप घरी जाऊन डोक्यावरून आंघोळ करतो.

त्यावर उतारा एकच. त्या माणसाच्या मरणाची खोटी खबर रक्ताच्या नात्यातल्या कुणाला तरी नेऊन द्यायची. ऐकणाऱ्यानं ती खरी समजून रडायचं. रडणं झालं म्हणजे मरणाला वाटतं, आपलं इथलं काम आटोपलं, आणि ते वाट बदलतं. मग लागलीच खरं सांगून टाकायचं आणि रडणाऱ्याच्या तोंडात खडीसाखर घालायची.

"अन हे पाहा भाऊजी," पार्बताबाईंनी निघताना वामनरावांना बजावलं होतं, "ज्या घरात खबर सांगतली त्याच घरात खरं सांगा लागते. दिवस बुडायच्या आत. नाई सांगतलं तं बोललेलं लागू होते. माह्या मावशीच्या गावात एका बाईच्या नवऱ्याचं झालं तसं. तिचं कुंकू लावलेलं मी पाह्यलं अन पुसलेलंबी पाह्यलं. रडणं झालं की घडीभरबी थांबू नोका."

"हो वयनी."

"तुमी घाबरसान अन इसरसान."

"नाई इसरत."

महादेवरावांनी घोंगडीतून तोंड बाहेर काढलं. "वामन, नीट सांगजो बापा. ती रडली पायजे."

ती म्हणजे तानू, दोघा भावांची एकुलती बहीण. काटेपूर्णेच्या पलीकडं सावरखेडला दिलेली. एका दिवसात सावरखेडला जाऊन परत यायचं तर सायकलच पाहिजे, आणि मळ्यात सायकल चालवता येणारा माणूस एकच. तो नेमका वामनराव असावा, हा महादेवरावांच्या नशिबाचाच भाग म्हणायचा. कारण या गृहस्थाला कशाची भीती वाटत नसे ते सांगणं सोपं होतं. त्यांना कुत्र्याची भीती वाटे, पटवाऱ्याची वाटे, वीज चमकली की वाटे, कुणी नुसतं मोठ्यानं हाक मारली तरी वाटे. बायको पहिल्या बाळंतपणात गेली. पुन्हा लग्न करा म्हणून सगळे मागं लागले, तर पुन्हा तसंच झालं तर, या भीतीनं त्यांनी ते केलं नाही. चाळिशी ओलांडली तरी थोरल्या भावाच्या सावलीत राहिले आणि तिथं त्यांना बरंही वाटत होतं.

एक सायकल तेवढी त्यातून सुटली होती. रोज पहाटे शेवंतीची, गुलाबाची टोपली मागं बांधून ते अकोल्याला जायचे, वकिलांच्या आणि भटजींच्या घरी देवाची फुलं पोचवायचे आणि ऊन तापायच्या आत परत यायचे. रिकाम्या सडकेवर, चढाला उभं राहून पायडल मारताना आणि उताराला पाय सोडून देताना त्यांना कुणाचं भय नसायचं. तिथं त्यांना कुणी काही विचारत नसे. वर्षानुवर्षं त्यांचं असं चाललं होतं. आज मात्र सडक तशीच होती, उतार तसेच होते आणि ते ब्रेक दाबून चालले होते.

दोन भीती होत्या. एक, आपल्याला खोटं जमणार नाही, तानू रडणार नाही आणि दादांवरचं टळणार नाही. दुसरी अशी होती की ती त्यांना उच्चारवतही नव्हती. खोटं जमलं, आणि ते बोलता बोलताच तिकडं मळ्यात खरं झालं तर?

ओढा ओलांडून चढ चढला तेव्हा समोरून कापसाची बंडी आली. बंडीवाला ओळखीचा नव्हता, पण वाटेवर ओळख लागत नाही.

"राम राम. कुठी चालले?"

"सावरखेडले. बहिणीकडं."

"घरी सगळं बरं हाय ना?"

साधा प्रश्न. पण बरं आहे म्हणावं तर उतारा इथंच बिघडायचा. बरं नाही म्हणावं तर भलतीकडंच खबर पोचायची. ते नुसते बंडीवाल्याकडं पाहत राहिले, मग मान खाली घालून त्यांनी पायडल मारलं.

"कसा मानूस हाय," मागून बंडीवाला बैलांना सांगत होता.

पुढं सडकेच्या मधोमध काहीतरी मेलेलं पडलं होतं आणि त्यावर कावळे बसले होते. वामनराव लांबूनच उतरले. डोक्यावरचं पागोटं दोन्ही हातांनी घट्ट बसवून, सायकल ढकलत, तुरीतून वळसा घालून ते पुढं गेले. एक कावळा उडाला तसे ते सायकलीआड खाली बसले. तो दुसरीकडं जाऊन बसला तेव्हा ते पुन्हा सायकलवर चढले आणि काटेपूर्णेच्या उतारापर्यंत थांबले नाहीत.

नदीत गुडघ्याइतकं पाणी होतं. सायकल खांद्यावर घेऊन ते पलीकडं गेले. सावरखेड तिथून दिसायचं. इथं शेवटचं येऊन किती दिवाळ्या झाल्या, असं त्यांच्या मनात आलं. तानूला तीन वर्षं माहेरी पाठवलं नव्हतं. त्याचं कारण महादेवरावच होते. जावई तिच्यावर हात टाकतो असं कानावर आलं, तेव्हा दादांनी इथं येऊन चार माणसांत त्याला आवाज चढवून विचारलं होतं. जावयानं तेव्हा मान खाली घातली आणि दुसऱ्या दिवसापासून तानूचं माहेर बंद झालं. दादा म्हणाले, त्यांना गरज पडली की पाठवतील. ते अडून बसले, आणि वामनरावांना एकट्यानं यायची भीती वाटली. म्हणून कुणीच आलं नव्हतं.

अंगणात तानू शेणानं सारवत होती. सायकलची चेन वाजली तसं तिनं वर पाहिलं. वामनरावांना आधी ती ओळखूच आली नाही, इतकी ती वाळली होती. तिनं मात्र त्यांना लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा इतका उजळला की आतापर्यंत घोकलेलं सगळं ते विसरले.

"भाऊ! मले न्यायले आला?"

वामनरावांनी तोंड उघडलं. मग एकदम त्यांना हुंदकाच फुटला. तो खोटा नव्हता, भीतीचा होता, पण फुटला.

"तानू, दादा गेला."

ती शेणाच्या हातांनी तशीच खाली बसली. मग तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून शेजारच्या दोन अंगणांतल्या बाया धावत आल्या.

"माह्या दादा रे... वाट पाहून पाहून माहे डोळे गेले रे... आज येशीन, उद्या येशीन म्हनलं रे... आता मले कोन न्यायले येईन रे दादा..."

उतारा साधला होता. आसवं जमिनीवर पडत होती. आता सांगायचं. वामनरावांचा हात खिशातल्या खडीसाखरेच्या पुडीकडं गेला. पण तानू थांबेना. भावाला रडून झालं तशी ती कसलं कसलं रडू लागली; उपाशी झोपल्याचं, कोणाला सांगू म्हणत भिंतीशी बसल्याचं. ते महादेवरावांसाठी नव्हतं. मेलेल्या भावाच्या नावानं तिला आज मोठ्यानं बोलायला मिळत होतं, आणि मरणाच्या रडण्याला कुणी गप्प बस म्हणत नाही. बायांपैकी एकीनं पदर डोळ्यांना लावला आणि दुसरीनं घराच्या दाराकडं चोरून पाहिलं.

दारात तानूची सासू गंगूबाई उभी होती. तिच्या मागं जावई केशवराव विडी विझवत होता.

"लय वाईट झालं," गंगूबाई म्हणाली. "मानूस चांगला होता. तोंडानं फटकळ होता, पन चांगला होता. आता घेऊन जा तिले. मरनाले कोनी अडवत नाई. दहावा झाला की आनून सोडजा. इथी कामाले मानूस नाई."

"बैल वावरात हायेत," केशवराव म्हणाला. "मले येनं होत नाई, सायकलवरच बसवून ने."

वामनरावांचं तोंड उघडं होतं. 'मावशी, दादा जिवंत हाय, कावळा शिवला होता,' हे एवढंच म्हणायचं होतं. रडणं झालं की घडीभरही थांबू नका, असं वयनींनी सांगितलं होतं. तेवढ्यात तानू हात धुऊन, लुगड्याचं गाठोडं घेऊन बाहेर आली. गाठोडं तिनं उजव्या हातानं काखेत मारलं होतं. डावा हात मनगटापाशी वाकडाच सांधला गेला होता आणि कोपरापर्यंत जळाल्याचे काळे डाग होते. ती तो पदराखाली घेत होती, पण गाठोड्यामुळं ते जमत नव्हतं.

"आंगनात पाय घसरला होता," गंगूबाई म्हणाली. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

वामनराव त्या हाताकडं पाहत राहिले. आयुष्यात त्यांनी दादांचा शब्द मोडला नव्हता, वयनींचा मोडला नव्हता, आणि आज मोडायचा तो दादांच्या जिवावर मोडायचा होता. इथं खरं सांगितलं तर गाठोडं परत आत जाणार. नाही सांगितलं तर दिवस बुडेल. त्यांनी खिशातून हात बाहेर काढला. त्यात काही नव्हतं.

"चाल तानू," ते म्हणाले.

गावातून जाताना लोक उभे राहून पाहत होते. बाई सायकलवर मागं बसलेली त्या गावानं पाहिली नव्हती, पण दुखवट्याची म्हणून कुणी हसलं नाही. तानू एका हातानं सीटची कड धरून बसली होती आणि तिचं रडणं वामनरावांच्या पाठीला कळत होतं. आपण कुणाला फसवतो आहोत, हे त्यांना धड समजत नव्हतं. गंगूबाईला, की दादांना, की मागं बसलेल्या हिला?

नदी ओलांडून वर आल्यावर त्यांना ते सहन होईना. त्यांनी सायकल बाभळीला टेकवली.

"तानू, रडू नोको. दादा जिवंत हाय."

तिनं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्यांनी एक पाऊल मागं घेतलं.

"सकाळी कावळा शिवला त्याच्या डोक्याले. म्हनून मले धाडलं. खोटी खबर सांग म्हने."

तानूनं पदरानं तोंड पुसलं. एकदा हसली, पुन्हा रडली, आणि मग तिच्या लक्षात आलं. असल्या गोष्टी बायांना जास्त नीट ठाऊक असतात.

"मंग तिथी खरं काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तुले येऊ देल्लं असतं?"

तानू नदीच्या पाण्याकडं पाहत राहिली.

"सायकल फिरव भाऊ."

"नाई."

"वेडा झाला काय? त्याच घरात सांगा लागते. दिवस बुडायच्या आत. माह्या एका हातापायी दादाचा जीव घेतं काय? वयनीनं काय करावं मंग?" गाठोडं काखेत मारून ती खरोखरच पाण्याकडं निघाली. "मी जाते अन सांगते. मी सांगतलं तरी चालते."

वामनराव धावत जाऊन तिच्या पुढं उभे राहिले. त्यांना दम लागला होता.

"तानू, मी भेकड मानूस हाओ. तुले ठाऊक हाय, साऱ्या गावाले ठाऊक हाय. तीन वर्सं मी याच भेवापायी आलो नाई. आता दादाले काही झालं तं मले जगता येनार नाई, तेबी मले समजते. पन तुले तिथी सोडून मले घरी जाता येत नाई. मले दुसरं काही येत नाई, सायकल तेवढी चालवता येते. तू मागं बस."

"अन दादा?"

"तुले वाटते ते मलेबी वाटून राहिलं. बस."

बऱ्याच वेळानं ती बसली.

सकाळी जे उतार होते ते आता चढ झाले होते. मागं जड ओझं असलं की वामनराव एरवी असल्या चढाला खाली उतरून सायकल ढकलत. आज ते उतरले नाहीत. उतरलो की मागं फिरू, याची त्यांना खात्री होती. उभं राहून, दात खाऊन ते पायडल मारत होते आणि चेन करकरत होती. वारा पडला होता. दूरवर कुणीतरी बैलांना हाकारत होतं, तेवढाच काय तो आवाज. दोघंही मधून मधून सूर्याकडं बघायची आणि दुसऱ्यानं आपल्याला बघताना पाहिलं नाही असं दाखवायची.

एका टेकाडावर तानूनं विचारलं, "सकाळी निघाला तवा तो कसा होता?"

"घाबरला होता. बाकी बरा होता."

"जेवला होता?"

"चहा पेला. मी नंतरचं पाह्यलं नाई."

वामनरावांच्या डोळ्यांसमोर मळा येऊ लागला. ओट्यासमोर माणसं उभी आहेत. वयनी खांबाला टेकून बसल्या आहेत आणि त्यांच्या हातांत बांगड्या नाहीत. कुणीतरी म्हणतं आहे, आत्ताच, हे काय, तोंडात पाणी घालायलाही वेळ मिळाला नाही. त्यांनी डोकं हलवून ते झटकलं. पुढच्या उताराला ते परत आलं. ब्रेक दाबून दाबून हात आखडले तरी ते जाईना.

मळ्याच्या वाटेला लागले तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, पण दिवस अजून चांगला वर होता. विहिरीवर मोट चालू नव्हती. महादेवरावांचा आवाज तर कुठंच नव्हता. महादेवराव घरी आणि आवाज नाही, असं कधी होत नसे. घराच्या मागून धूर वर चढत होता. तानूनं वामनरावांचा सदरा मुठीत धरला.

"भाऊ, धूर कायचा हाय?"

वामनरावांनी जोरानं पायडल मारलं. संत्र्याच्या झाडांना वळसा घालून सायकल अंगणात आली.

ओट्यावर, सकाळच्याच जागी, घोंगडी पांघरून महादेवराव बसले होते. पार्बताबाई मागच्या चुलीवर पाणी तापवत होत्या.

वामनरावांनी सायकल सोडली, ती पडली, आणि तेही तिच्या शेजारी धुळीत बसले. तानू गाठोडं टाकून धावत गेली आणि दादांच्या पायांवर कोसळली. महादेवरावांनी घोंगडी बाजूला टाकली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिच्या केसांवरून त्यांची नजर वामनरावांकडं गेली.

"हिले कशी काय धाडली? खरं सांगतलं तरी धाडली?"

वामनराव मान वर करेनात.

"वामन. खरं सांगतलं का नाई?"

"नाई."

महादेवरावांचा चेहरा पांढरा पडला. एवढा मोठा माणूस, पण त्यांनी हातानं खांब धरला. पार्बताबाई मागून आल्या होत्या. त्यांनी ते ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

"भाऊजी, मी काय सांगतलं होतं तुमाले?"

"उठ," महादेवराव म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "दिवस हाय अजून. आत्ता निघाला तं बुडायच्या आत पोचशीन. जाय अन सांगून ये."

"मी जाते भाऊसंगं," तानू उठत म्हणाली. "मी म्हनलंच होतं त्याले."

पार्बताबाईंनी तिच्याकडं पाहिलं. अंगभर धूळ, तोंडावर आसवांचे ओघळ. "आधी तोंड-हात धू," त्या म्हणाल्या, आणि तिला धरून मागं तट्ट्याच्या आडोशाला घेऊन गेल्या.

अंगणात दोघं भाऊ राहिले. वामनराव उठून उभे राहिले. सायकल उचलली, पण जागचे हलले नाहीत.

"दादा, खरं सांगतलं तं ते उद्याच तिले न्यायले येतीन."

"येऊ दे. मी पाहीन त्याईले."

"तू मागंबी पाह्यलं होतं."

असं वामनराव कधी बोलले नव्हते. महादेवराव ओट्यावर परत बसले. त्यांनी आपल्या तळहातांकडं पाहिलं. मग हळूच, एखाद्या पोरानं विचारावं तसं विचारलं, "तुले माह्या जिवाचं काही वाटत नाई काय रे?"

"वाटते ना दादा," वामनराव म्हणाले आणि त्यांना रडू आलं. "सकाळपासून तेच वाटून राहिलं. साऱ्या सडकेनं तेच वाटलं. तू म्हनशीन तं जातो. पन तू सांग. मी आपल्या मनानं नाई जाऊ शकत."

महादेवरावांनी सूर्याकडं पाहिलं. जा म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं.

तेवढ्यात पार्बताबाई आडोशातून बाहेर आल्या. त्यांच्या हातात रिकामा तांब्या होता. कुठं ठेवावा हे सुचत नसल्यासारखा तो त्यांनी दोन ठिकाणी ठेवून परत उचलला. मग वामनरावांजवळ येऊन सायकलच्या हँडलला हात लावला.

"भाऊजी, सायकल आत घेऊन ठेवा."

"अवं पन..." महादेवराव अर्धवट उठले.

"तिचा हात पाहून या आधी," पार्बताबाई म्हणाल्या. "पाठबी हाय. पाठ तुमाले दाखवता येत नाई. मी पाह्यली."

मावशीच्या गावातली ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर असणार, हे वामनरावांना त्यांच्या चेहऱ्यावरूनच दिसलं. उतारा काढला तो यांनीच, दिवस बुडायची अट सांगितली ती यांनीच, आणि काही झालंच तर पुसलं जाणार होतं ते यांचंच कुंकू.

महादेवराव आडोशापर्यंत गेले. तिथून तानूचा आवाज आला, "काही नाई दादा, बरं झालं आता." ते परत आले तेव्हा त्यांची मान खाली होती.

"त्या घरात मी मेलो," ते म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, "मेलो तं मेलो. दहाव्यानंतर हिले न्यायले येतीन तवा मीच दारात उभा राहीन. मंग पाहू त्याईले काय बोलाचं ते." बोलणं शूराचं होतं, पण ओट्यावर बसताना त्यांनी हात टेकला, आणि घोंगडी पुन्हा अंगाभोवती ओढून घेतली.

वामनरावांनी सायकल घरात नेऊन भिंतीला लावली. त्यांना बाहेर यायची भीती वाटत होती, म्हणून ते दाराच्या आतच उभे राहिले. तिथून त्यांना ओटा दिसत होता.

पार्बताबाईंनी तानूला जेवायला वाढलं. चूल विझवली. मग त्या बाहेर आल्या. लग्नाला वीस-बावीस वर्षं झाली असतील. दिराच्या देखत त्या नवऱ्याच्या समोर कधी बसल्या नव्हत्या, बोलायचं झालं तरी भिंतीकडं तोंड करून बोलायच्या. आज त्या सरळ ओट्यावर गेल्या आणि महादेवरावांच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल अशा बसल्या. घोंगडीतून त्यांनी नवऱ्याचा हात बाहेर काढला आणि मनगटापाशी, नाडीवर बोटं ठेवून, आपल्या दोन्ही हातांत धरला.

मळ्याच्या वाटेनं बाजाराला गेलेले लोक परतत होते. कुणी राम राम केला. पार्बताबाईंनी पदर सावरला नाही की हात सोडला नाही. महादेवराव संकोचून एकदा म्हणाले, "लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," त्या म्हणाल्या.

ऊन ओट्यावरून उतरलं, अंगणातून गेलं, संत्र्याच्या शेंड्यांवर थोडा वेळ राहिलं. त्या समोर पाहत तशाच बसून होत्या.